बैठक आणि बैठका

मराठीत 'बैठक' हा शब्द मोठा गमतीदार आहे. गादी-लोड टाकून बसायची जागा ती बैठक. चार लोक जमून बोलतात (आणि बहुतेक वेळा काहीच ठरवत नाहीत) तीही बैठक. एखादा मुलगा तासन् तास न हलता अभ्यास करू लागला की "पोराला बैठक आहे हो" असं कौतुकाने म्हणतात. तालमीत मात्र बैठका मारायच्या असतात, आणि तिथे बसण्यापेक्षा उठण्यालाच दम लागतो.

आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात पहिल्या तिन्ही बैठका भरपूर. चौथीचा पत्ता नाही.

हा विषय डोक्यात यायचं कारण म्हणजे माझ्या ओळखीतल्या दोघांची शुगर पस्तिशीच्या आत निघाली. दोघंही प्रोग्रॅमर, दोघंही दिसायला सडपातळ. अशी बातमी आली की चहाच्या टपरीवर एकच निदान होतं: "या कॉम्प्युटरने वाट लावली. आपल्या आज्या-पणज्यांना कुठे होतं असलं काही!" आता कॉम्प्युटरवर माझं पोट चालतं, तेव्हा त्याची बाजू घेणं मला भाग आहे. पण गंमत बाजूला ठेवली तरी हे निदान जरा तपासून बघायला हवं. कारण बसून पोट भरणारी माणसं महाराष्ट्रात कॉम्प्युटरच्या कितीतरी आधीपासून आहेत. ती काय करत होती?

कारकुनाची मांडी

मराठेशाहीचा कारभार कागदावर चालायचा. पुण्याचं पेशवे दफ्तर आजही बघायला मिळतं. रुमालांत बांधलेल्या त्या अफाट कागदांमागे प्रत्येक ओळ हाताने लिहिणारा कोणीतरी कारकून होता. मोडी लिपी वापरायची ती मुळी वेगासाठी. बोरू शक्यतो न उचलता सरसर लिहीत जायचं. म्हणजे एकाच ठिकाणी बसून, एकाच हाताने, एकाच दिशेने, दिवसभर. कामाचं वर्णन ओळखीचं वाटतंय ना?

समर्थ रामदासांनी दासबोधात लेखनक्रियेवर एक अख्खा समास लिहिला आहे (दशक एकोणिसावा, समास पहिला). अक्षर कसं असावं, कागद कसा असावा, बोरू कसा असावा, याचा इतका बारीक विचार त्यात आहे की त्याला आजच्या भाषेत कोडिंग स्टँडर्ड म्हणायला हरकत नाही. आणि हेच रामदास अकरा मारुती स्थापन करणारे, बलोपासना सांगणारे. ते स्वतः रोज बाराशे सूर्यनमस्कार घालत असं परंपरा सांगते. आकडा बाजूला ठेवा, पण लेखणी आणि मारुती या दोन गोष्टी एकाच माणसाने सांगितल्या, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

अजून एक गोष्ट. हा कारकून जमिनीवर मांडी घालून बसायचा, पुढ्यात उतरतं डेस्क. जमिनीवर बसलेल्या माणसाला पाणी प्यायला उठायचं तरी गुडघे, मांड्या, कंबर सगळं कामाला लावावं लागतं. म्हणजे नकळत एक बैठक झालीच! २०१२ साली ब्राझीलच्या डॉक्टरांनी ५१ ते ८० वयाच्या २००२ लोकांचा अभ्यास छापला. जमिनीवर बसायचं आणि हाताचा आधार शक्यतो न घेता उठायचं, एवढीच चाचणी. ज्यांना ते जमत नव्हतं त्यांच्यात पुढच्या काही वर्षांतलं मृत्यूचं प्रमाण बरंच जास्त निघालं. उठता न येणं हे बहुतेक आधीच खालावलेल्या तब्येतीचं लक्षण असावं, तेव्हा उद्यापासून ऑफिसात मांडी ठोकली की आयुष्य वाढेल असा अर्थ काढू नका. पण खुर्चीने आपल्याकडून काय काढून घेतलं याचा अंदाज येतो.

आमच्याकडचा पटवारी

आता जरा आमच्या भागाकडे येतो. मुकुटबन म्हणजे यवतमाळ जिल्ह्यातला झरी जामणी तालुका, तेलंगणाच्या सीमेला लागून. कापसाची वावरं, आजूबाजूला गोंड-कोलामांच्या वस्त्या आणि पोडं, जमिनीखाली कोळसा. १८५३ च्या तहानंतर वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात आलं, आणि आजच्या यवतमाळ जिल्ह्याला १९०५ पर्यंत सरकारी कागदांत वणीच्या नावावरून 'वूण' जिल्हा म्हणत.

अशा गावात बसून लिहिणारा माणूस म्हणजे पटवारी. (बाकी महाराष्ट्र तलाठी म्हणतो, आमच्याकडे अजून पटवारीच.) याचं काम कागदाचं खरं, पण त्या कागदात जे लिहायचं ते मिळायचं वावरात. कोणत्या गटात काय पेरलं, विहीर आहे का, पडीक किती, हे बांधावर जाऊन बघायचं आणि मग गाव नमुन्यात उतरवायचं. पीक पाहणी हा शब्दच सांगतो की डोळ्यांनी पाहायचं आहे. प्रत्येक पटवारी प्रत्येक बांधावर गेलाच असेल अशी माझी भाबडी समजूत नाही. चावडीत बसून भरलेले पेरेपत्रकही शेतकऱ्यांनी बघितले आहेत. पण नियमाने तरी लिहिणं आणि चालणं एकाच नोकरीत बांधलेलं होतं.

१५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी आली. शेतकरी स्वतः मोबाईलवरून फोटोसकट पिकाची नोंद करतो. सोय चांगली आहे, आणि सॉफ्टवेअरवाला म्हणून मला ती आवडतेही. फक्त एक नोंद करून ठेवतो: एका बैठ्या नोकरीतलं चालणं त्या दिवशी आणखी कमी झालं. हा धागा पुढे लागणार आहे.

रामाझिनीचा लेखनिक

तिकडे युरोपात याच प्रश्नाकडे एका डॉक्टरचं लक्ष गेलं होतं. बर्नार्डिनो रामाझिनी हा इटालियन वैद्य. कोणत्या धंद्याने कोणता रोग होतो यावर त्याने १७०० साली पुस्तक लिहिलं, आणि १७१३ च्या वाढीव आवृत्तीत लेखनिकांवर एक प्रकरण घातलं. लेखनिकांच्या दुखण्याची त्याने तीन कारणं दिली: सतत बसणं, हाताची एकाच दिशेने अखंड हालचाल, आणि चूक होऊ नये म्हणून मनावरचा ताण. आमच्या कुठल्याही प्रोजेक्टच्या शेवटच्या आठवड्याचं याहून नेमकं वर्णन मी वाचलेलं नाही! त्याच्या ओळखीच्या एका लेखनिकाचा उजवा हात जड होत होत निकामी झाला, म्हणून त्याने डाव्या हाताने लिहायला शिकून घेतलं. काही दिवसांनी डाव्यालाही तेच झालं.

पुढे यंत्रं आली आणि हाताचं दुखणं यंत्राबरोबर नाव बदलत गेलं. तारायंत्र चालवणाऱ्यांच्या हाताला पेटके येत. ब्रिटनने १९०८ साली हा आजार नुकसानभरपाईच्या यादीत घातला. म्हणजे आमच्या मनगटाच्या दुखण्याचे पणजोबा तारमास्तर होते म्हणायचे.

पदवीधरांचं काय होतंय?

इंग्रजी कचेरीबरोबर खुर्ची-टेबल आलं आणि इंग्रजी परीक्षांबरोबर पाठांतर. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मुंबई विद्यापीठाचे पदवीधर अकाली मरताहेत अशी चिंता जाहीरपणे बोलली जाऊ लागली. १८९४ साली न्यायमूर्ती रानड्यांनी हिंदू पदवीधरांमधल्या वाजवीपेक्षा जास्त मृत्यूंच्या कारणांवर व्याख्यान दिलं. तेव्हाची खरी मारेकरी क्षय, ताप, असली दुखणी. पण शिकलेला माणूस शरीराने पोखरला जातोय ही बोच खोल होती. त्याच्या वीसेक वर्षं आधी टिळकांनी डेक्कन कॉलेजातलं पहिलं वर्ष अभ्यासाऐवजी तब्येत कमावण्यात घालवलं होतं, ही गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. ती आपण विनोदी आठवण म्हणून सांगतो. बैठ्या आयुष्याला निघालेल्या मुलाचा तो विचारपूर्वक निर्णय होता, असं मला वाटतं.

पुढच्या पन्नास वर्षांत महाराष्ट्राने या बोचेला जे उत्तर दिलं ते थक्क करणारं आहे. थोडक्यात सांगतो.

औंध संस्थानचे भवानराव पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) आधी परदेशी पहिलवान सँडो याच्या पद्धतीने वर्षानुवर्षं व्यायाम करत. नंतर ते सूर्यनमस्काराकडे वळले आणि असे वळले की संस्थानातल्या शाळांत नमस्कार सक्तीचे झाले. त्यांनी इंग्रजीत पुस्तक लिहिलं, आणि १९३८ साली लंडनच्या पत्रकार लुईस मॉर्गन यांनी त्याची नवी आवृत्ती इंग्लंडात आणली. नमस्कारांचं मर्म बघा: साहित्य नको, आखाडा नको, दोन हात जागा पुरे. खोलीत राहणाऱ्या आणि खोलीत काम करणाऱ्या माणसासाठीच जणू रचलेला व्यायाम!

आमच्या विदर्भात अमरावतीला १९१४ साली अंबादासपंत आणि अनंत या वैद्य बंधूंनी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ काढलं. उन्हाळ्याच्या सुट्टीत तिथे वर्ग चालत. शिक्षक येऊन शिकायचे आणि आपापल्या गावी जाऊन शिकवायचे. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी याच मंडळाच्या चमूने तिथे जाऊन देशी खेळांची प्रात्यक्षिकं केली. लोणावळ्याला १९२४ साली स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम काढलं आणि आसनं-प्राणायामाचा शरीरावर काय परिणाम होतो हे एक्स-रेसारखी साधनं लावून मोजायला घेतलं. बडोद्याहून दत्तात्रेय चिंतामण मुजुमदारांनी व्यायाम ज्ञानकोशाचे दहा खंड काढले. दहा खंड, व्यायामावर, मराठीत!

या सगळ्यात एक गोष्ट सारखी दिसते. यातली बरीचशी मंडळी लेखणीची माणसं होती. शेतात राबणाऱ्याला तालमीची गरज भासली ती कुस्तीच्या हौसेसाठी. मास्तर, कारकून आणि विद्यार्थ्यांना ती भासली तब्येतीसाठी. दुसरं म्हणजे त्यांनी इच्छाशक्तीवर फारसा भरवसा ठेवला नाही. ठरलेली जागा, ठरलेली वेळ आणि वाट बघणारी चार माणसं, हा त्यांचा इलाज होता. दांडी मारली तर संध्याकाळी घरी कोणीतरी विचारायला यायचं. मोबाईलमधली स्मरणघंटा एका बोटाने बंद करता येते, दारात आलेल्या वस्तादाला कसं बंद करणार?

ड्रायव्हर आणि कंडक्टर

इथे गोष्ट संपली असती तर मी "तेव्हा मंडळी, रोज एक तास व्यायाम करा" म्हणून मोकळा झालो असतो. पण १९५३ साली 'लॅन्सेट'मध्ये जेरी मॉरिस आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास आला आणि प्रश्नाला वेगळंच वळण लागलं.

लंडनच्या दुमजली बसेस. ड्रायव्हर आणि कंडक्टर, दोघं एकाच बसमध्ये, साधारण एकाच आर्थिक थरातले. फरक एवढाच की ड्रायव्हर कामाचा बहुतेक वेळ बसलेला, आणि कंडक्टर दिवसाला पाचशे ते साडेसातशे पायऱ्या चढणारा. मॉरिसना दिसलं की कंडक्टरांना हृदयविकार कमी होतो, उशिरा होतो, आणि झाला तर तुलनेने सौम्य होतो. पोस्टातही तेच: टपाल वाटणारे पोस्टमन टेबलावरच्या कारकुनांपेक्षा बरे. पुढे १९५६ साली त्यांनी गणवेशाची मापं काढली, तर ड्रायव्हरांच्या पँटी कंबरेत जास्त रुंद! अर्थात शंकाही निघाल्या. नव्याने भरती झालेल्या तरुणांतही काही फरक आधीपासून असल्याचं नंतर दिसलं, म्हणजे सगळं खापर खुर्चीवर फोडता येत नाही. पण एकूण दिशा पुढच्या अभ्यासांनी पक्कीच केली.

मला यातली महत्त्वाची गोष्ट ही वाटते की कंडक्टर व्यायाम करत नव्हता. तो तिकिटं फाडत होता. चढणं-उतरणं त्याच्या कामातच होतं, त्यासाठी पहाटे गजर लावायची गरज नव्हती. आमचा पटवारी आणि तो पोस्टमन या बाबतीत एकाच जातकुळीतले.

उठायची कारणं

आता कॉम्प्युटरकडे येऊ. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली देशी बनावटीचा टिफ्रॅक चालू झाला आणि १९६४ साली सीडीसी ३६०० आला. तेव्हाचा प्रोग्रॅमर पंचकार्डांचा गठ्ठा घेऊन मशीनपर्यंत चालत जायचा, गठ्ठा द्यायचा, परत यायचा, नंतर छापील निकाल आणायला पुन्हा जायचा. एक स्वल्पविराम चुकला की आणखी एक फेरी. (चुका जास्त करणाऱ्यांची तब्येत उत्तम राहत असणार.) बँकेतही तसंच: कारकून लेजर काढायला उठायचा, सहीला साहेबाकडे जायचा. १९८४ च्या रंगराजन समितीनंतर बँकांत संगणक शिरले आणि लेजरं हळूहळू गेली.

मग टर्मिनल टेबलावर आलं. प्रिंटर नेटवर्कवर आला. शेजारच्याला विचारायला जायच्या ऐवजी मेल, मेलच्या ऐवजी चॅट. २०२० साली घरून काम आलं तेव्हा ऑफिसपर्यंत जाणंही गेलं. यातली एकेक गोष्ट चांगलीच होती, प्रत्येकीने वेळ वाचवला. पण प्रत्येकीने उठायचं एकेक कारणही नेलं. कारकून बसत होताच. आपलं वेगळेपण हे की आपल्याला उठवणारं काही उरलेलं नाही. माझ्या मते टपरीवरच्या निदानात एवढी दुरुस्ती करायला हवी.

आणि हे आता पुण्या-बंगळुरूपुरतं राहिलेलं नाही. मुकुटबनला २०२२ साली बिर्ला कॉर्पोरेशनचा सिमेंट कारखाना सुरू झाला. आजकालच्या सिमेंट कारखान्यात भट्टी आणि गिरण्या कंट्रोल रूममधल्या पडद्यांवरून चालवतात, पाळीपाळीने, बसून. कोळशाच्या वजनकाट्यावर कॉम्प्युटर आहे, सेतू केंद्रावर आहे. बापाने डवरणी केली, पोरगा माऊस चालवतो. पोरगा सुखी झाला याचा आनंदच आहे. पण बापाचं जेवण तेच ठेवून त्याचं चालणं वजा केलं तर हिशोब कुठे जातो ते कळायला गणित लागत नाही.

त्यात आपली शरीरं फसवी. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! वरून सडपातळ, आतून चरबी. माझ्या त्या दोघा मित्रांना "तुला कशी काय शुगर, तू तर बारीक" हे वाक्य किती जणांनी ऐकवलं असेल.

मग करायचं काय?

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितलं ते साधं आहे: आठवड्याला दीडशे ते तीनशे मिनिटं मध्यम व्यायाम, आणि शिवाय बसणं कमी करा. त्यातलं 'शिवाय' आपण वाचत नाही. २०१६ साली दहा लाखांहून जास्त लोकांची माहिती एकत्र करून केलेल्या अभ्यासात दिसलं की दिवसाला आठ तासांहून जास्त बसणाऱ्यांचा वाढीव धोका पुसायला रोज साधारण ६० ते ७५ मिनिटांची मध्यम हालचाल लागते. तेवढी जमत असेल तर उत्तम. रोज जमतेच असं नाही. पण २०१२ च्या एका ऑस्ट्रेलियन प्रयोगात दर वीस मिनिटांनी दोन मिनिटं चाललं तरी जेवणानंतरची साखर कमी चढताना दिसली. दोन मिनिटं! म्हणजे पंचकार्डाची एक फेरी.

इतिहासाकडून मी दोन गोष्टी उचलल्या आहेत. पहिली कंडक्टरकडून: उठायची कारणं परत कामात घालायची. मुकुटबनला असतो तेव्हा पाण्याची बाटली टेबलावर ठेवत नाही, मागच्या पडवीतल्या माठाशी जातो, आणि पेला मुद्दाम छोटा ठेवलाय. फोन आला की बसायचं नाही असा नियम केलाय. टेस्ट चालू असताना पडद्याकडे बघत बसून त्या लवकर संपत नाहीत, तेवढ्यात अंगणात फेरी होते. ऑफिसात दिवस काढणाऱ्यांनी प्रिंटर लांब हलवायची मागणी करून बघावी, लोक वेडा म्हणतील पण हरकत नाही.

दुसरी वैद्य बंधूंकडून: एकट्याने करायचं नाही. आम्ही चौघं जण संध्याकाळी साडेसहाला स्टेशनच्या बाजूला चालायला जातो. एक शिक्षक, एक काट्यावरचा मुलगा, एक दुकानदार आणि मी. कोणी आलं नाही तर बाकीचे तिघं त्याच्या दारात जाऊन मोठ्याने हाक मारतात. गेल्या पावसाळ्यात दोन आठवडे माझ्याच दारात हाका चालू होत्या, क्लायंटचा कॉल म्यूट करून मी बाहेर यायचो. शेवटी कॉलची वेळ बदलून घेतली. क्लायंटने कारण विचारलंही नाही.

असो. बरंच लांबलं. हे लिहिताना मी दोनदा उठलोय, तुम्ही वाचताना एकदाही उठला नसाल. आता उठा.